मधुमेही मूल, शाळा आणि इथला कायदा

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलापाशी एका भगिनींनी मला बाजूला घेतले आणि आवाज खाली आणून विचारले, "तुमच्या मुलीला साखरेचा त्रास आहे ना? आमच्या धाकट्याला सप्टेंबरात निघाला. शाळा म्हणते, दुपारचे इंजेक्शन तुम्हीच येऊन द्या. मी नोकरी सोडायच्या विचारात आहे." त्यांच्या यजमानांनी लगेच पुस्ती जोडली, "शाळेला तरी किती त्रास द्यायचा? चांगली शाळा आहे." त्या रात्री मी त्यांना फोनवर तासभर जे सांगितले, तेच संपादकांच्या आग्रहावरून इथे लिहितो आहे.

प्रथम कबूल करतो की मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. सॉफ्टवेअरवर पोट भरणारा अभियंता आहे. परंतु आमच्या मुलीला सातव्या वर्षी टाइप १ मधुमेह असल्याचे निदान झाले, तेव्हापासून सरकारी कागद वाचण्याची सवय लागली. ती रुग्णालयातून घरी आल्यावर शाळेच्या ऑफिसातून आम्हाला अगदी गोड शब्दांत सांगण्यात आले की, आमच्याकडे नर्स नाही, कोणी शिकलेले नाही, तेव्हा रोज सव्वाबारा वाजता तुमच्यापैकी एकाने यावे. मी होकार दिला, वर त्यांचे आभारही मानले. पुढचे दोन महिने मी आणि पत्नी पाळीपाळीने शाळेत जात होतो. मीटिंग अर्धवट टाकून, गाडी डबल लाइनवर लावून. पत्नीचा हुद्दा त्या काळात एक पायरी खाली आला, तो पुन्हा वर चढायला दीड वर्ष लागले. क्लिनिकमधल्या डायबेटिस नर्सने सहज विचारले, "तुम्ही का जाता?" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

कायद्याकडे वळण्याआधी आजाराविषयी थोडे, कारण आपल्या लोकांत गैरसमज फार. लहान मुलांत बहुधा आढळणारा टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही आणि कारल्याच्या रसाने जात नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. इन्शुलिन बाहेरून द्यावेच लागते, दररोज, जन्मभर. खूप तहान, वारंवार लघवी, थकवा आणि वजन उतरणे ही चार लक्षणे मुलात दिसली तर त्याच दिवशी जी. पी. कडे जावे आणि बोटाच्या रक्ताची तपासणी मागावी. पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेऊन बसू नये, कारण निदानाला उशीर झाला तर ते मूल काही तासांत अत्यवस्थ होऊ शकते.

आजी-आजोबांशी बोलताना आणखी एक घोटाळा होतो तो आकड्यांचा. भारतात साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, इथे मिलिमोलमध्ये. इथल्या आकड्याला १८ ने गुणले की तिकडचा आकडा येतो. इथला ४ म्हणजे तिकडचा ७२. चारच्या खाली गेले की 'हायपो', आणि त्यावर लगेच उपाय हवा. शाळेच्या बाबतीत खरी काळजी याच गोष्टीची असते. साखर उतरली की मूल गोंधळते, चिडते, घामाघूम होते, आणि वर्गात ते नुसते दुर्लक्ष करणारे किंवा हट्टी दिसते.

आता कायदा. इंग्लंडपुरते बोलायचे तर दोन कायदे लक्षात ठेवायचे.

पहिला, २०१४ चा चिल्ड्रेन अँड फॅमिलीज ॲक्ट, त्याचे कलम १००. त्याआधी २००५ ची एक सरकारी पुस्तिका होती, पण ती केवळ सल्ला देणारी. शाळेने मानले तर मानले. मधुमेह, दमा, अपस्मार अशा आजारांच्या संस्थांनी एकत्र येऊन पाठपुरावा केला आणि १ सप्टेंबर २०१४ पासून हे कलम लागू झाले. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा आणि ॲकॅडमी यांनी आजारी मुलांना आधार देण्याची व्यवस्था केलीच पाहिजे, असे ते सांगते. ही जबाबदारी वर्गशिक्षिकेवर टाकलेली नाही. ती गव्हर्निंग बॉडीवर, आणि ॲकॅडमी असेल तर ती चालवणाऱ्या ट्रस्टवर आहे. म्हणून बिचाऱ्या बाईंशी वर्गाच्या दारात वाद घालण्यात अर्थ नसतो. पत्र हेडटीचरना लिहावे.

या कलमाबरोबर एक मार्गदर्शिका आहे. आमच्या धंद्यात स्पेसिफिकेशन लिहिताना 'मस्ट' आणि 'शुड' हे दोन शब्द फार जपून वापरतात. या मार्गदर्शिकेतही तसेच आहे. 'मस्ट' म्हणजे कायद्याने बंधन, 'शुड' म्हणजे सबळ कारणाशिवाय टाळता येणार नाही अशी सूचना. वाचताना मी दोन रंगांची पेन्सिल घेऊन बसलो होतो. सरकारच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. वेळोवेळी सुधारणा होतात, म्हणून नेहमी तिथलीच ताजी प्रत घ्यावी, कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली नव्हे.

तीत 'न चालणाऱ्या गोष्टीं'ची एक यादी आहे. औषध किंवा मीटर मुलाच्या हाताशी राहू न देणे. बरे वाटत नसताना त्याला ऑफिसात एकटे पाठवणे, किंवा सोबतीला योग्य माणूस न देणे. गरज असताना खाणे, पाणी पिणे, स्वच्छतागृहात जाणे अडवणे. दवाखान्याच्या भेटींमुळे झालेल्या गैरहजेरीबद्दल शिक्षा करणे. सहलीला न्यायचे तर आई-बापांनी यावे अशी अट घालणे. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषध देण्यासाठी पालकांनी शाळेत यावे अशी सक्ती करणे. शाळा मुलाची सोय करत नाही म्हणून कोणाही पालकावर नोकरी सोडण्याची वेळ येऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हे वाक्य मी मोठ्याने वाचले तेव्हा पत्नी बराच वेळ काही बोलली नाही.

दुसरा कायदा २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट. इथे आपल्या लोकांची अडचण एका शब्दाशी होते, आणि तो शब्द म्हणजे 'डिसेबल्ड'. माझ्या आईला मी फोनवर हे सांगितले तेव्हा ती रागावली. "धडधाकट पोरीला अपंग कशाला म्हणवतोस?" तिचेही बरोबर. भारतात २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, त्यांत मधुमेह नाही, आणि तिकडे त्यासाठी दाखला लागतो. इथली व्याख्या निराळी आहे. दीर्घकाळ टिकणारी, रोजच्या व्यवहारावर मोठा परिणाम करणारी शारीरिक अथवा मानसिक अवस्था असली की पुरे. शिवाय उपचारांमुळे जी सुधारणा होते ती हिशेबात धरायची नाही. इन्शुलिन काढून घेतले तर काय होईल, असा विचार करायचा. टाइप १ बाबत उत्तर उघड आहे. फक्त आहारावर आटोक्यात राहणाऱ्या टाइप २ बाबत मात्र हे आपोआप ठरत नाही. २०१५ मध्ये एका बस कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात अपील ट्रायब्युनलने तसे म्हटले आहे. दाखला नाही, नोंदणी नाही, कपाळावर शिक्का नाही. पण या कायद्यामुळे शाळेला 'रीझनेबल ॲडजस्टमेंट' म्हणजे वाजवी ते फेरबदल करावे लागतात, आणि आजारातून उद्भवलेल्या गोष्टीसाठी मुलाला वाईट वागवता येत नाही. खासगी फी भरून शिकवणाऱ्या शाळांना कलम १०० लागू नाही, पण हा कायदा लागू आहे. म्हणून 'आम्ही इंडिपेंडंट आहोत' या उत्तरावर गप्प बसू नये.

आता एक गोष्ट शाळेच्या बाजूने सांगायला हवी. कोणाही एका शिक्षकावर इन्शुलिन देण्याची सक्ती करता येत नाही. विचारता येते, पण तो नाही म्हणू शकतो. आणि योग्य शिक्षण घेतल्याशिवाय कोणी ते देऊही नये. नुसते प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र पुरत नाही. पालक इथेच अडतात. "कोणी तयार नाही" असे ऐकले की आपण परत फिरतो. पण एक माणूस नाही म्हणाला तरी संस्थेची जबाबदारी संपत नाही. पुरेशी माणसे तयार करणे, मुख्य माणूस रजेवर असेल तर दुसरा असणे, हे व्यवस्थापनाचे काम आहे. आमच्या शाळेत खरी भीती वेगळीच निघाली. एका सहायक शिक्षिकेला वाटत होते की चूक झाली तर आपल्यावर खटला होईल. शाळेने विमा काढून ठेवणे अपेक्षित असते आणि तो तिच्या या कामालाही लागू आहे, हे हेडटीचरनी तिला दाखवले, तशी ती स्वतःहून पुढे आली. रुग्णालयाच्या डायबेटिस नर्सने येऊन तिघींना शिकवले. नर्स येते, हे कित्येक पालकांना ठाऊकच नसते. आपल्या क्लिनिकला विचारा.

या सगळ्याचा गाभा म्हणजे आरोग्य योजना, जिला शाळेत 'इंडिव्हिज्युअल हेल्थकेअर प्लॅन' म्हणतात. विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांचा ई. एच. सी. प्लॅन वेगळा, त्याच्याशी गल्लत करू नये. ही योजना पालक, शाळा आणि वैद्यकीय मंडळी मिळून लिहितात, मुलाचेही म्हणणे घेतात. निदानानंतर किंवा वर्षाच्या मध्ये शाळा बदलल्यास दोन आठवड्यांत व्यवस्था व्हावी यासाठी सर्व प्रयत्न करायचे, आणि नव्या वर्षी नवीन शाळेत जाणाऱ्यासाठी सत्र सुरू होण्याआधी. वर्षातून किमान एकदा ती तपासायची. योजना हवी की नको यावर एकमत झाले नाही तर निर्णय हेडटीचरचा असतो. तसे झाल्यास कारण लेखी मागावे.

आमची पहिली योजना दीड पानाची होती आणि निरुपयोगी होती. 'आवश्यकतेनुसार साखर तपासावी' असे त्यात लिहिले होते. आवश्यकता कोणी ठरवायची? संगणकाला अशी सूचना दिली तर तो जागच्या जागी थांबेल, माणसेही थांबतात. दुसऱ्या खेपेला आम्ही प्रत्येक वाक्यात कोण, केव्हा, कुठे आणि किती एवढे घातले. जेवणाआधी कोण तपासणार, डोस कोण मोजणार, दुसरे कोण पडताळणार. चारच्या खाली गेल्यास क्लिनिकने ठरवून दिलेल्या इतक्या ग्लुकोजच्या गोळ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, तोपर्यंत एकटे सोडायचे नाही आणि वर्गातून हलवायचे नाही. बेशुद्ध झाल्यास तोंडात काहीही घालायचे नाही, ९९९ ला फोन, ग्लुकागॉन कोणी द्यायचे. पी. ई. च्या आधी काय. आग लागल्याचा सराव असेल तेव्हा डबा कोणी बाहेर न्यायचा. ही शेवटची ओळ मुलीने सुचवली, आम्हा मोठ्यांपैकी कोणाच्या डोक्यात ती आली नव्हती.

हायपोचा डबा वर्गातच ठेवून घ्या, ऑफिसच्या कपाटात कुलपात नको. औषधे मूळ पाकिटात आणि लेबलासह द्यावी लागतात. इन्शुलिनला सवलत आहे, ते पेनमध्ये किंवा पंपात असले तरी चालते, मुदत मात्र उलटलेली नसावी. १६ वर्षांखालील मुलासाठी आपली लेखी संमती द्यायला विसरू नका. मुदतीच्या तारखा पाहणे हे माझे काम आहे. प्रत्येक सुट्टीच्या आदल्या दिवशी मी डबा घरी आणतो.

डब्यावरून जेवणाचे आठवले. कार्बोहायड्रेट मोजून इन्शुलिन द्यायचे असते. शाळेच्या जेवणाचे आकडे केटररकडून मागता येतात. घरून डबा नेत असाल तर झाकणावर चिठ्ठी चिकटवा: पोळ्या किती, भात किती, एकूण कार्ब किती ग्रॅम. आमच्याकडे कणकेचा गोळा तराजूवर ठेवून पिठाच्या पाकिटावरच्या आकड्यांवरून हिशेब होतो. पुरणपोळी कोणत्याही इंग्रजी तक्त्यात सापडत नाही, ती एकदा घरी बसून मोजून ठेवा म्हणजे होळीला भांडण होत नाही. वर्गात कोणाच्या वाढदिवसाला केक आला तर आपल्या मुलाला तो नाकारायचा नाही, त्याचे कार्ब मोजायचे, हेही योजनेत लिहा. सद्भावनेने तिला रोज सफरचंद देणाऱ्या एका बाईंना हे समजवायला मला एक सत्र लागले.

आता बऱ्याच मुलांच्या दंडावर सेन्सर असतो आणि आकडा मोबाइलवर दिसतो. मार्च २०२२ मध्ये नाइस या संस्थेने टाइप १ असलेल्या सर्व मुलांना सतत मोजणारा सेन्सर देऊ करावा अशी शिफारस केली. शाळेत मोबाइलबंदी असते, म्हणून कोणी फोन काढून घेऊ लागले तर फेब्रुवारी २०२४ च्या सरकारी सूचनेत वैद्यकीय कारणासाठी अपवाद मान्य केला आहे, हे दाखवा. परीक्षेचे मात्र आधी ठरवावे लागते. जी. सी. एस. ई. ला देखरेखीखाली मध्ये थांबून साखर तपासण्याची आणि तेवढा वेळ शेवटी भरून घेण्याची सोय मिळू शकते. फोन स्वतःजवळ ठेवता येईल असे गृहीत धरू नका. शाळेच्या परीक्षा अधिकाऱ्याशी शरद ऋतूतच बोलणे बरे. भारतात परतणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की सी. बी. एस. ई. ने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेत मधुमेही विद्यार्थ्यांना खाण्याच्या वस्तू जवळ ठेवायला परवानगी दिली.

इंग्लंडबाहेर राहणाऱ्यांनी आपापल्या देशाचे नियम पाहावेत. वेल्स आणि स्कॉटलंड यांच्या मार्गदर्शिका २०१७ मधल्या आहेत, उत्तर आयर्लंडची २००८ मधली. इक्वॅलिटी ॲक्ट वेल्स व स्कॉटलंडमध्ये लागू आहे. उत्तर आयर्लंडमध्ये नाही, तिथे १९९५ चा अपंगत्व-भेदभावाचा कायदा आणि २००५ चा शिक्षणविषयक आदेश चालतो.

जमलेच नाही तर? आधी हेडटीचरना पत्र, मग शाळेच्या तक्रार-पद्धतीप्रमाणे गव्हर्नरांकडे, ती वाट संपल्यावर शिक्षण खात्याकडे. भेदभावाची बाब असेल तर इंग्लंडमध्ये विशेष शिक्षण व अपंगत्व यांसाठी असलेल्या फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे, घटनेपासून सहा महिन्यांच्या आत. गोडीगुलाबीने बोलण्यात हे सहा महिने कसे जातात ते कळत नाही. हे ट्रायब्युनल पैशात भरपाई देत नाही. माफी, प्रशिक्षण, नियमात बदल असे हुकूम देते. आम्हाला तिथवर जावे लागले नाही. एक पत्र पुरले. त्यात मी रागाचा एकही शब्द लिहिला नाही, फक्त कलम १०० चा उल्लेख केला, दोन महिन्यांतल्या सगळ्या फेऱ्यांच्या तारखा दिल्या आणि बैठकीची वेळ मागितली. चौथ्या दिवशी बैठक झाली. प्रत्येक बैठकीनंतर "आज असे ठरले" असा छोटा ई-मेल पाठवावा.

हा विभाग आरोग्य आणि अर्थ असा जोड असल्याने पैशाचेही सांगतो, आणि त्यात व्हिसाचा प्रश्न येतोच. शाळेतला आधार किंवा आरोग्य योजना म्हणजे 'पब्लिक फंड' नव्हे. वर्क व्हिसावर असलात तरी निःशंक मागा. मुलाच्या आजाराविषयी शाळेत बोलल्याने व्हिसा धोक्यात येतो, ही मंडळात ऐकू येणारी भीती निराधार आहे. डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, म्हणजे १६ वर्षांखालील मुलांचा भत्ता, ही गोष्ट मात्र वेगळी. तो पब्लिक फंडात मोडतो. व्हिसावर 'नो रिकोर्स' ही अट असेल तर सल्ला घेतल्यावाचून अर्ज करू नये. अट नसेल तर जरूर करावा; तो पगारावर अवलंबून नसतो. त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा जादा देखभाल तीन महिने लागलेली असावी आणि पुढे सहा महिने लागेल असे दिसावे. रात्री किती वेळा उठता हे दोन आठवडे वहीत टिपून ठेवा, अर्जात तेच विचारतात. स्कॉटलंडमध्ये त्याऐवजी चाइल्ड डिसेबिलिटी पेमेंट आहे. हा भत्ता मिळणाऱ्या मुलाच्या पालकांना १८ आठवड्यांची बिनपगारी पालक-रजा आठवड्याऐवजी एकेक दिवस तोडून घेता येते, हे माझ्या ऑफिसच्या एच. आर. लाही ठाऊक नव्हते. शाळेतून अचानक फोन आला तर वाजवी वेळ बिनपगारी सुटी घेण्याचा हक्क १९९६ च्या कायद्याने नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे.

फराळाच्या टेबलापाशी भेटलेल्या त्या भगिनींचा मुलगा आता शाळेतच इंजेक्शन घेतो, त्यांची नोकरी शाबूत आहे. आमची मुलगी या सप्टेंबरात सेकंडरीत जाईल. तिथे बारा शिक्षक, बारा खोल्या आणि तिचा स्वतःचा डबा तिच्याच दप्तरात. नव्या शाळेशी बैठक जूनमध्ये ठरली आहे, डायबेटिस नर्स येणार आहे, आणि योजनेचा मसुदा या वेळी मुलीने स्वतः टाइप केला आहे. पहिल्या पानावर तिने ठळक अक्षरांत लिहिले आहे की बीप वाजले तर सगळ्या वर्गासमोर 'तू ठीक आहेस ना' असे विचारू नये. ते वाक्य आम्ही तसेच ठेवले आहे.